हेल्मेटच्या वादातलं न बोललेलं वाक्य

"मी चाळीस वर्षं दुचाकी चालवतोय, एकदाही हेल्मेट घातलं नाही, आणि बघ, तुझ्यासमोर धडधाकट उभा आहे." आमच्या बी विंगमधले काका पार्किंगमध्ये हे बोलले, हातात भाजीची पिशवी, स्कूटर स्टँडवर, आणि मला पटकन काही उत्तरच सुचलं नाही. कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. चाळीस वर्षं खरी, हेल्मेट न घालणं खरं आणि धडधाकट असणं तर खरंच, काका रोज सकाळी पर्वती चढून येतात. तरी जिना चढताना मला सारखं वाटत होतं की यात काहीतरी निसटतंय, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचता पोचता लक्षात आलं की काकांची तिन्ही वाक्यं ठीक आहेत पण त्यांच्या मागे एक चौथं वाक्य उभं आहे, जे ते बोललेच नाहीत आणि मी मात्र न ऐकताच मान्य करून टाकलं.

ते चौथं वाक्य असं: "ज्याला काही झालं नाही त्याचा अनुभव सगळ्यांना लागू होतो." आता हे असं उघड्यावर मांडलं तर काकासुद्धा मान्य करणार नाहीत. ज्यांच्या डोक्याला मार लागून ते गेले ते काही संध्याकाळी पार्किंगमध्ये येऊन आपला अनुभव सांगू शकत नाहीत, सांगायला उरतात ते फक्त वाचलेले, आणि वाचलेल्यांनाच विचारत बसलं तर कुठलीही धोक्याची गोष्ट सुरक्षितच निघणार. गंमत म्हणून नाही सांगत, पुण्यात हेल्मेटवर जेवढा वाद गेली कित्येक वर्षं चाललाय त्यातला निम्मा तरी या असल्या न बोललेल्या वाक्यांवर चाललाय असं माझं ठाम मत आहे. दोन्ही बाजूंनी. माझ्या बाजूनी पण, त्यावर पुढे येतेच.

आधी थोडं मागचं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम १२९ हेल्मेटचं, म्हणजे कायद्यात सक्ती काही आज आलेली नाही, प्रश्न कायम अंमलबजावणीचा होता. २०१६ मध्ये आपल्या राज्यात "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" अशी घोषणा झाली आणि थोड्याच दिवसांत ती पातळ करावी लागली. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी सक्ती सुरू केली तेव्हा पगड्या, टोप्या घालून लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मागे बसणाऱ्यावरही कारवाई करायचा आदेश निघाला आणि पुन्हा तोच वाद पहिल्यापासून सुरू, तीच वाक्यं, तीच उत्तरं. इतकी वर्षं तोच वाद जागचा हलत नसेल तर माणसं हट्टी आहेत एवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. आपण ज्या गोष्टीवर भांडतोय ती गोष्ट टेबलावर आलेलीच नाही, असं मला वाटतं.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाचं नाही तर तर्क कसा करावा हे सांगणारं जुनं न्यायदर्शन, त्यात यावर फार सुंदर विचार झालेला आहे आणि आपण तो शाळेत कधी शिकत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून डोंगरावर आग आहे, एवढं म्हणून नैयायिक थांबत नाही. त्याला मधलं वाक्य मोठ्यानं बोलून दाखवावं लागतं, जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, आणि नुसतं बोलून भागत नाही तर उदाहरण द्यावं लागतं, जसं स्वयंपाकघर. त्या मधल्या वाक्याला व्याप्ती म्हणतात. म्हणजे ज्याला आपण आज लपलेलं गृहीतक म्हणतो ते त्यांनी लपूच दिलं नाही, वाद घालायची रीतच अशी ठेवली की ते बोलावं लागेल. आणि पुढे जाऊन ते असं पण दाखवतात की उलटं करून बघा, जिथे आग तिथे धूर, हे खरं नाही, लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर यायला लाकूड ओलं असावं लागतं. ही जी ओल्या लाकडाची चोरून आत शिरलेली अट आहे तिला त्यांच्याकडे उपाधी म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. कुणी काही ठासून सांगितलं की मी मनात विचारते, यात ओलं लाकूड कुठे आहे?

आता हेल्मेटवाल्या वादात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य घ्या. "गावात स्पीडच कुठे असतो, वीसच्या वर गाडी जात नाही, हेल्मेट हायवेला ठीक आहे." लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सहा वाजता गाडी चालवलेल्या कुणालाही हे पटेल, मलाही पटायचं. यातलं न बोललेलं वाक्य काय? "डोक्याला लागणारा मार गाडीच्या वेगामुळे लागतो." हे वाक्य इतकं साहजिक वाटतं की तपासावंसंच वाटत नाही.

माझी आत्या. सात वर्षांपूर्वीची गोष्ट, पावसाळ्याचे दिवस, ती सोसायटीच्या गेटमधून स्कूटर आत वळवत होती, आम्ही नंतर किती वेळा विचार केला, वेग दहाचा पण नसेल, दोन्ही पाय जवळजवळ जमिनीला लागलेले. गेटच्या लोखंडी पट्टीवर पुढचं चाक घसरलं आणि ती डावीकडे आडवी झाली, डोकं फूटपाथच्या कडेवर. रक्त फार नाही आलं. दोन दिवस दवाखान्यात होती, घरी आली, चालायला बोलायला सगळं नीट, सगळे म्हणाले थोडक्यात बचावली. पंधरा दिवसांनी मी तिच्याकडे गेले तर दारातच जळकट वास, आत ओट्यावर दूध खाली लागून पार काळं झालेलं आणि आत्या शेजारीच उभी राहून कोथिंबीर निवडतेय. तिला वास येतच नव्हता. अजून येत नाही. डोक्याला मार बसला की वासाची नाजूक नस तुटू शकते हे आम्हाला तेव्हा कळलं. जिच्या हातच्या फोडणीच्या वासावरून आम्ही आज काय केलंय ते जिन्यातून ओळखायचो ती बाई आता गॅस सुरू राहिला का ते बघायला दहा वेळा ओट्याजवळ जाते.

आणि "वीसच्या स्पीडला काय होतंय" याचा साधा हिशोब आठवी नववीच्या विज्ञानात आहे. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. दीड मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीला आपटते तेव्हा तिचा वेग ताशी १९-२० किलोमीटर झालेला असतो. गाडी उभी असली तरी. म्हणजे डोक्याला मार बसायला गाडीच्या वेगाची गरजच नाही, उंची पुरते, आणि ती उंची लक्ष्मी रोडवर आणि हायवेवर सारखीच असते. देवळात नारळ फोडताना आपण हात किती वर नेतो ते आठवा. गाडीचा वेग त्यात भर घालतो हे खरंच, पण "वेग नाही म्हणजे धोका नाही" हे मधलं वाक्य या एका हिशोबात कोसळतं. आता हेल्मेट काय करतं, तर आतला जो थर्माकोलसारखा थर असतो तो चेपला जातो. बास, एवढंच. डोकं सिमेंटवर एकदम थांबण्याऐवजी दोनेक सेंटिमीटर अंतरात थांबतं, थोडा जास्त वेळ मिळतो, मेंदूला बसणारा झटका कमी होतो. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी वापरू नये म्हणतात, आतला थर आपलं काम करून संपलेला असतो.

"आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेटचं बोला." हे वाक्य मला मनापासून समजतं कारण खड्ड्यांचा राग मलाही आहे आणि तो असायलाच हवा. पण यात न बोललेलं काय आहे बघा, की दोन्हीपैकी एकच होऊ शकतं, एक होईपर्यंत दुसरं थांबवायचं. आणि जरा खोलात गेलं तर दिसतं की खड्डे हे हेल्मेट न घालण्याचं कारणच होत नाही, उलट खड्डे जितके जास्त तितकी डोक्याला टोपणाची गरज जास्त. छप्पर गळतंय म्हणून कुणी छत्री फेकून देत नाही. महापालिकेला जाब विचारायचा तो विचारूच, डोक्यावर हेल्मेट घालून विचारू.

बाकी घाम येतो, केस जातात, ऑफिसात ठेवायचं कुठे, आंबाडा असला की बसत नाही, मंडईत दोन हातात पिशव्या आणि तिसरं हे लोढणं, या तक्रारींना मी कधीच हसत नाही. यात काही लपलेलं नाही. हा सरळ सरळ त्रास आहे आणि तो मोजूनच बोलायला हवं. आमच्या बाजूचे लोक इथे हमखास चुकतात, त्यांच्या मनात एक वाक्य असतं की जो घालत नाही तो बेअक्कल आहे, आणि हे वाक्य चेहऱ्यावर दिसतं, मग समोरचा ऐकेल कशाला.

तर आता माझी बाजू. कारण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढत बसायचं आणि आपलं मुसळ तसंच, हे बरोबर नाही. मी बरीच वर्षं एक आकडा अगदी विश्वासानं सांगायचे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या रस्ते अपघात अहवालात हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५०,०२९ दिली आहे, त्यात ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. पन्नास हजार! हा आकडा टाकला की समोरचा गप्प व्हायचा. मग एकदा एका मैत्रिणीनं शांतपणे विचारलं, की त्या वर्षी दुचाकीवर एकूण किती गेले? मी बघितलं तर जवळपास ७५ हजार. म्हणजे बाकीचे साधारण २५ हजार हेल्मेट घालून गेले असं धरलं, तरी यातून हेल्मेट उपयोगी आहे हे कसं सिद्ध होतं? ती म्हणाली, समज रस्त्यावरचे दोन तृतीयांश लोक मुळातच बिनहेल्मेटचे असतील तर मेलेल्यांतले दोन तृतीयांश बिनहेल्मेटचे निघणारच, हेल्मेट निव्वळ शोभेचं असतं तरी निघाले असते. मला घाम फुटला. माझ्या आकड्यामागे न बोललेलं वाक्य होतं, की हे सगळे पन्नास हजार हेल्मेटमुळे वाचले असते. आणि ते खरं नाही. कुणाच्या छातीवरून ट्रक गेलेला असतो, तिथे हेल्मेट काय करणार. आकडा खरा होता, त्यातून मी जे काढत होते ते त्यात नव्हतं.

मग खरी तुलना शोधावी लागली. सारखेच अपघात, एकात हेल्मेट, एकात नाही, आणि मग काय झालं. अशा ६१ अभ्यासांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेनं २००८ मध्ये घेतला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो असं निघालं. यातही ओलं लाकूड शोधता येतं बरं का. हेल्मेट घालणारा माणूस मुळातच सावध असेल, दारू पिऊन चालवत नसेल, सिग्नल पाळत असेल, मग तो वाचला तो हेल्मेटमुळे का स्वभावामुळे? ही शंका रास्त आहे आणि अभ्यास करणारे तिचा हिशोब धरायचा प्रयत्न करतात, पूर्ण सुटते असं नाही. पण इथे आपल्याकडे थर्माकोलचा तो चेपणारा थर पण आहे, म्हणजे का होतं ते पण माहितीये, नुसतं कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असं नाही. म्हणून मला हा निष्कर्ष भक्कम वाटतो. आणि मानेला त्रास होतो का, या लोकांच्या नेहमीच्या प्रश्नावर त्याच आढाव्यात पुरेसा पुरावा नाही असं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा "मानेला काही होत नाही" असं मी छातीठोकपणे सांगणं बंद केलं. आत्याची गोष्ट पण मी आता वेगळ्या तऱ्हेनं सांगते. त्यावरून एवढंच दिसतं की दहाच्या वेगात असं होऊ शकतं, किती वेळा होतं ते त्यावरून कळत नाही.

आणि हेल्मेट उपयोगी आहे हे सिद्ध झालं म्हणून सक्ती बरोबर आहे हे आपोआप सिद्ध होतं का? नाही होत. मध्ये एक वाक्य गायब आहे, "जे माणसाच्या भल्याचं आहे ते सरकारनं त्याच्यावर सक्तीनं लादावं." हे उघड बोलून बघा, मलाच कसंसं होतं, कारण मग उद्या वडापाव पण येईल त्यात, जिलबी येईल, रात्रीचं जागरण येईल. काकांचं खरं म्हणणं इथे आहे, "माझं डोकं आहे, मी बघीन." विरोधकांचा सगळ्यात ताकदीचा मुद्दा हा आणि आपण नेमका यालाच टाळून स्पीडवर आणि खड्ड्यांवर भांडत बसतो. यातलंही न बोललेलं वाक्य काढता येतं, की माझं डोकं फुटलं तर त्याची किंमत फक्त मी देतो. ती मी एकटा देत नाही. आत्याच्या घरी तिच्या सुनेनं चार महिने नोकरीवर बिनपगारी रजा टाकली होती. समोरच्या रिक्षावाल्याच्या मनावर, सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर, शाळेच्या फीवर, सगळीकडे ती किंमत जाते. पण मग हे पण म्हणावं लागतं की किंमत इतरांवर जाते म्हणून सक्ती, हा नियम धरला तर सीमा कुठे आखायची? माझं उत्तर असं, की जिथे त्रास छोटा आहे, फायदा मोठा आहे, आणि ती गोष्ट सरकारनंच बांधलेल्या सार्वजनिक रस्त्यावर घडतेय, तिथे सक्ती चालेल. जिलबी यात बसत नाही, हेल्मेट बसतं. हे उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही, पण निदान आता भांडण योग्य जागी आहे.

सक्ती करणाऱ्यांच्या डोक्यातलं पण एक वाक्य काढायलाच हवं. "डोक्यावर हेल्मेट आहे म्हणजे डोकं सुरक्षित आहे." चौकातला कॅमेरा एवढंच बघतो, डोक्यावर काहीतरी गोल आहे. रस्त्याकडेला मिळणाऱ्या पातळ टोपड्यात तो चेपणारा थरच नसतो. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे तरी सिग्नलपाशी दोरीला टांगलेली दिसतातच. आणि पट्टा. सकाळी आमच्या सिंहगड रोडवर उभं राहून नुसतं बघा, किती जणांचे पट्टे हनुवटीखाली लोंबतायत, पडल्या पडल्या हेल्मेट एकीकडे आणि डोकं एकीकडे. दंड हाच उद्देश धरला की लोकही दंड चुकवण्यापुरतंच घालतात. त्या २०१६ च्या पेट्रोलवाल्या घोषणेतही हेच होतं, पंपावर हेल्मेट दिसलं म्हणजे रस्त्यावरही असणार, हे गृहीत. पंपावर शेजाऱ्याचं मागून घेता येतं.

हे मधलं वाक्य काढायची सवय लावायची असेल तर एक साधी गोष्ट मी करते. समोरच्यानं दिलेलं कारण आणि त्याचा निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवते आणि बघते, यात आणखी काय खरं असेल तर हे जुळेल. जे सापडेल ते उलटं करून बघते, आणि उलटं केल्यावर सगळा मुद्दा पडला तर तेच ते वाक्य, नाही पडला तर मी उगाच शब्दाचा कीस पाडतेय. आणि मग ते वाक्य समोरच्याला विचारते, "तुम्हाला असं म्हणायचंय का?" त्यानं हो म्हटलं तरच पुढे. स्वतःच त्याच्या तोंडी काहीतरी खुळचट वाक्य घालून मग ते खोडून काढण्यात काही पुरुषार्थ नाही.

काकांशी मी नंतर हेच केलं. त्यांना विचारलं, "काका, तुमचं म्हणणं असं आहे का, की तुम्हाला चाळीस वर्षांत काही झालं नाही म्हणजे कुणालाच होत नाही?" ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "नाही गं, असं कसं म्हणेन मी, माझ्या बरोबरीचा एक जण गेलाय की असाच." आणि मग दीड मीटरचा हिशोब मी त्यांना भाजीच्या पिशवीच्या मागच्या बाजूला पेननं करून दाखवला, ते बँकेत होते, आकडेमोड त्यांनी माझ्याहून आधी केली. हेल्मेट आता त्यांनी आणलंय, आयएसआयचं, पट्टा लावतात. पण सक्ती त्यांना अजून पटलेली नाही. ते म्हणतात, मी घालतो ते मला कळलं म्हणून, पोलिसानं सांगितलं म्हणून नाही, आणि ज्याला कळलेलं नाही त्याला दंड करून काय कळणार? मी त्यांना म्हटलं की दंडानं कळत नसेल पण तोवर डोकं तर शाबूत राहील. तर ते म्हणाले, यात तू धरून चाललीयस की माणूस दंडाला घाबरून नीट पट्टा लावेल. हे मात्र त्यांनी अगदी बरोबर पकडलं, आणि यावर मी अजून विचार करतेय.